चौदाशे ब्याऐंशी पौंडांची फळी

वेंडेल टॉलिव्हर आईच्या घरापासून सात घरं सोडून राहतो. रोज सकाळी तिच्याच दारावरून गाडी काढतो. आणि एवढं असून आईला काय सांगायचं ते फोनवर लिहून पाठवतो. त्या आईला सहावीतून उठवून भुईमुगाच्या शेतात उभं केलेलं, अजून एकेक अक्षर लावत वाचते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी लिहिलं. मग ते वाचून दाखवायला तिच्या नातवाला, मार्केलला बसावं लागलं. निरोप असा, की यंदा गुरुवारचं जेवण शाळेतच होईल, व्यायामाच्या नव्या मास्तरांनी उकडलेली कोंबडी आणि भात ठरवून दिलाय, तू उगाच दमू नकोस.

उगाच दमू नकोस. अर्लीन टॉलिव्हरने ते शब्द नातवाकडून दोनदा वाचून घेतले, मग म्हणाली, पुरे. आणि ओट्यावरचं भांडं इतक्या जोरात आपटलं की मार्केलने खुर्ची मागे घेतली.

एकतीस वर्षं हार्लो क्रीकच्या शाळेच्या अमेरिकी फुटबॉल संघातली पुढची फळी गुरुवारी संध्याकाळी तिच्या टेबलावर जेवत होती. बाकीचा संघ नाही, फक्त ते पाचजण, जे बॉल फेकणाऱ्याच्या पुढे वाकून उभे राहतात आणि ज्यांचं नाव पेपरात कधी येत नाही. सामना शुक्रवारी, म्हणून जेवण गुरुवारी. नवऱ्याला मातीआड केलं त्या आठवड्यातही तिने रस्सा ढवळला होता. डुकराच्या मांसाचे जाड तुकडे घट्ट रश्श्यात मुरलेले, पांढरे वाल, मक्याचा पाव, वर पीचचं गोड. बसायचं कसं तेही ठरलेलं. मैदानात जसे उभे राहतात तसंच. डाव्या टोकाचा डाव्या टोकाला, मधला मधोमध. मधल्याने ‘चला’ म्हटल्याशिवाय कोणी चमचा उचलायचा नाही, कारण मैदानातही तोच बॉल मागे देतो आणि तोच ओरडून सांगतो कोणी कोणाला अडवायचं. मग मात्र वाट्टेल तेवढा गोंधळ. पावावरून भांडण, रश्श्यावरून भांडण, एकमेकांच्या आयांवरून टोमणे.

त्या गोंधळावरून अर्लीनला फळी कळायची. खेळाचं पुस्तक तिने उघडलं नव्हतं, पण एकतीस वर्षं वाढताना तिने एवढं पाहिलं होतं की टेबलावर भांडणारी पोरं मैदानात एकमेकांना सोडत नाहीत. आणि सामन्यात ती पहिल्यांदा बघायची ते हे, की बॉल फेकणारा आडवा झाला की त्याला हात देऊन उठवतं कोण. ते काम फळीचं. पडणं त्यांच्या चुकीमुळे, म्हणून उचलणंही त्यांचंच.

वेंडेल या संघाचा कोच, आणि यंदा त्याने तीन नवी पोरं आणली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या शाळेतली, एकेक दरवाजाएवढा. त्यांच्या घरच्यांना ट्रॅक्टरच्या दुकानामागे भाड्याची घरं कोणी शोधून दिली ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. ऑगस्टचा दुसरा शनिवार म्हणजे फळीचं वजन. शेंगांच्या गिरणीत ट्रक तोलायचा काटा आहे, त्याच्यावर पाचही पोरांनी एकदम उभं राहायचं, आकडा मोठ्याने वाचायचा, आणि लूशस न्हाव्याने तो आपल्या दुकानाच्या काचेवर पांढऱ्या रंगाने लिहायचा. गेल्या वर्षी अकराशे नव्वद होता. यंदा काटा चौदाशे ब्याऐंशीवर थांबला, आणि माणसं अशी नाचली जणू सामनाच जिंकला. लूशसने आकडा हातभर उंच काढला. खाली एक रेघही मारली.

नाचली नाही ती अर्लीन. कारण काट्याच्या बाजूला, टोपी मागे ढकलून, डूली उभा होता. डूली म्हणजे गेली दोन वर्षं मधे उभा राहणारा गडी. दोनशे पाच पौंड, तेही बूट घालून. तोंड मात्र चार माणसांचं. समोरचा संघ जरा हलला की हा ओरडून सगळ्यांना सांगायचा, हा तुझा, तो माझा, डावीकडे सरक. त्याला वेंडेलने बाकावर बसवला होता आणि त्याच्या जागी सव्वातीनशे पौंडांचा एक मुका डोंगर आणून ठेवला होता.

पहिल्या गुरुवारी ती तीन नवी पोरं जेवायला आली तेव्हा तिने डोळे उघडे ठेवले. पोरं वाईट नव्हती. टायस नावाचा उजवीकडचा पोरगा तर उंबऱ्यावर बूट काढून आला आणि तिला ‘बाई’ म्हणून हाक मारली. पण पाचजणांनी आपापल्या ताटात बघून जेवण संपवलं. नव्या मधल्याच्या कानात गाण्याच्या गुंड्या, तो ‘चला’ म्हणालाच नाही, ज्याला भूक लागली त्याने सुरुवात केली. अर्लीनने टायसला विचारलं, तुझ्या डाव्या हाताला बसलाय त्याचं नाव काय? टायसने बघितलं, कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, बासष्ट नंबर.

तिने त्याच संध्याकाळी वेंडेलला बोलावून सांगितलं. ही फळी नाही, हे पाच वेगवेगळे बाप्ये आहेत, डूलीला मधे घे. वेंडेल हसला. म्हणाला, आई, ताटाकडे बघून संघ ठरवत नाहीत. आणि मग त्याने मार्केलचं नाव काढलं. म्हणाला, ही पोरं मी कोणासाठी आणली? मार्केलसाठीच ना? गेल्या वर्षी बारीक पोरं पुढे होती म्हणूनच त्याचा खांदा गेला ना?

ते खरं होतं. मार्केल हा तिच्या रेनिटाचा मुलगा. रेनिटा गेली तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून तो आजीकडे. बॉल फेकणारा तोच. गेल्या ऑक्टोबरात त्याचा उजवा खांदा मोडला, आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू घातले, आणि शहरातल्या डॉक्टरांनी अर्लीनच्या तोंडावर सांगितलं की पुन्हा तिथेच मोडला तर हा हात डोक्याच्या वर जायचा नाही. बॉल सोडा, फळीवरचा डबा काढता यायचा नाही. वेंडेल त्याचा सख्खा मामा. दवाखान्यात तो बहिणीचं नाव घेऊन रडला होता, ते अर्लीनने पाहिलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी ती गप्प बसली. आणि पुढच्याच आठवड्यात तो फोनवरचा निरोप आला.

पहिला सामना अठ्ठेचाळीस-शून्य जिंकला. दुसरा पंचावन्न-सहा. समोरचे संघ असे होते की त्यांच्यापुढे गिरणीतले कामगारही जिंकले असते, पण हे बोलायची सोय नव्हती. नवी पोरं समोरच्याला उचलून बाजूला ठेवत होती. मार्केलच्या कपड्याला माती लागली नाही. चर्चमधून बाहेर पडताना लूशस न्हावी मुद्दाम तिच्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, काय अर्लीनबाई, गुरुवारचा राग उतरला की नाही अजून? उकडलेल्या कोंबडीने पोरं चांगली पळतायत.

ती म्हणाली, “लूशस, तू तीस वर्षं माझ्या नवऱ्याचे केस वाकडे कापलेस आणि मी काही बोलले नाही. आता बोलायला लावू नकोस.”

लोक हसले. पण न्हाव्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. घरी येऊन टोपी काढताना तिने स्वतःला विचारलं, खरं सांग, तुला पोराची काळजी आहे की टेबल रिकामं झाल्याचा जळफळाट? आणि उत्तर आलं की दोन्ही. एकात एक असे मिसळलेले की वेगळे काढता येत नाहीत. एवढ्यावर दुसरी बाई गप्प बसली असती. अर्लीनला गप्प बसवेना, पण बोलायचं कोणाशी तेही तिला उमगेना. मार्केल खूश होता. जेवताना सांगायचा, मोठी आई, इतका वेळ मला कधीच मिळाला नव्हता, मागे उभा राहून जांभई देऊ शकतो मी.

तिसरा सामना कॉर्डरीच्या संघाशी. ती पोरं आडदांड नव्हती, पण डोकं होतं. बॉल सुटायच्या आधी इकडून तिकडे जागा बदलायची, कोण येणार आणि कोण थांबणार ते शेवटपर्यंत कळू द्यायची नाहीत. अर्लीन आपल्या नेहमीच्या जागी बसली होती, खालून चौथ्या पायरीवर, मांडीवर शेंगांची पिशवी. पहिल्या दहा मिनिटांतच तिने शेंगा खायचं थांबवलं. फळी एकदम गप्प होती. एरवी डूलीचा आवाज चौथ्या पायरीपर्यंत यायचा, आता पुढून फक्त धापा ऐकू येत होत्या. डूली बाकावरून उभा राहून काहीतरी ओरडत होता आणि मदतनीस कोचने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

मग ते झालं. कॉर्डरीचे दोघेजण एकाच फटीत घुसले. मुका डोंगर आणि त्याच्या शेजारचा, दोघांनी मिळून एकालाच धरलं. सव्वासहाशे पौंड एका पोराच्या अंगावर. दुसरा मधून सरळ चालत आला, त्याला कोणी शिवलंसुद्धा नाही, आणि मार्केल हात मागे नेऊन उभा असताना त्याच्या उजव्या बाजूवर आदळला.

मार्केल पडून राहिला. अर्लीनने मोजलं, फळीतले पाचही जण पाठ फिरवून पुढच्या खेळासाठी गोळा व्हायला निघाले. पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यातल्या पंचाने वाकून पोराला हात दिला. तो उठला तो डाव्या हाताने उजवं कोपर धरून. आणि वेंडेलने त्याला बाहेर काढलं नाही. आणखी दोनदा त्याच हाताने बॉल फेकायला लावला, तेव्हा कुठे मार्केल स्वतः बाहेर येऊन बसला. सामना एकवीस-दहाने गेला.

शनिवारी दवाखान्यात खांद्याच्या हाडाचा फोटो काढला. पट्टी टिकली होती, हाड दुखावलं होतं पण मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नशीब. वेंडेल म्हणाला, बघ आई, पट्टी घट्ट आहे, आठवडाभर बर्फ लावला की शुक्रवारी उभा राहील. आणि मार्केल, तो तर मूर्खच, सतरा वर्षांचा मूर्ख, गळ्यात हात बांधून म्हणाला, मी खेळणारच.

गावात तोवर ठरून गेलं होतं की चूक नव्या पोरांची. काल ज्यांना खांद्यावर घेत होते त्यांना आज दुकानात कोणी ओळख देईना. टायसच्या आईला किराणा घेताना कोणीतरी विचारलं, परत कधी जाणार? अर्लीनने ते ऐकलं आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. मी आधीच सांगितलं होतं, हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं.

रविवारी दुपारी कोच लोक शाळेत बसून सामन्याची फिल्म बघतात. प्रार्थना संपली तशी अर्लीन पांढऱ्या पोशाखात, डोक्यावर टोपी, हातात पर्स, तशीच शाळेत गेली. पडदे ओढलेल्या खोलीत वेंडेल आणि त्याचे दोन मदतनीस होते. तिने मदतनिसांकडे फक्त बघितलं. दोघांनाही एकदम बाहेर काहीतरी काम आठवलं. वेंडेल म्हणाला की आई, हे तुझ्या बघण्यासारखं नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, पोरगा पडला ते लाव.

त्याने लावलं. मैदानातून बघताना घाई असते, भिंतीवर सगळं हळू होतं. ती त्या तिघा नव्यांना शिव्या घालायच्या तयारीनेच पुढे वाकली होती. पहिल्यांदा तिने फक्त मार्केलला पाहिलं, पडताना. दुसऱ्यांदा लाव म्हणाली. या वेळी तिने डावीकडे पाहिलं, आणि तिथे हेझकाया होता, तिच्या टेबलावर दोन वर्षं वाढलेला, तिसऱ्यांदा गोड मागणारा तिचा लाडका हेझकाया. मार्केल जमिनीवर असताना तोही चालता झाला होता.

“पुन्हा,” ती म्हणाली.

तिसऱ्यांदा तिला टायस दिसला. बॉल सुटायच्या आधीचा क्षण. कॉर्डरीची पोरं जागा बदलतायत, आणि टायस वाकलेल्या अवस्थेत मान वळवतो. आधी डावीकडे, मुक्या डोंगराकडे. मग मागे, मार्केलकडे. परत डावीकडे. तोंड हलतंय. विचारतोय. अर्लीनला ऐकू आलं नाही पण ऐकायची गरजही नव्हती, तो विचारत होता, माझा कोणता? आणि डोंगर आपला खाली मान घालून बॉलकडे बघतोय. कोणी उत्तर दिलं नाही. मग बॉल सुटला आणि टायसने समोर दिसला त्याला धरलं, जसं कोणीही धरेल.

तिने आणखी एकदा लावायला सांगितलं. वेंडेलचा हात बटणावर थांबला. आणि त्या थांबण्यातच तिला कळलं. आई मुलाला ओळखते, पाठमोरा बसला तरी ओळखते.

“हे तू आधी पाहिलंयस,” ती म्हणाली.

वेंडेलने बटणावरून हात काढला. मग सांगायला लागला, आणि सांगताना तिच्याकडे बघत नव्हता. दुसऱ्या सामन्यातच दिसलं होतं. टायस प्रत्येक वेळी मान वळवून विचारतो, त्याच्या जुन्या शाळेत मधला सांगायचा, इथला सांगत नाही, त्याला सांगताच येत नाही, तो नुसता ढकलतो. डूलीला घ्यायचं मनात आलं होतं. पण समोरचे संघ कच्चे होते, पंचावन्न गुण झाले होते, आणि गावातल्या ज्या माणसांनी घरं शोधून दिली, ती माणसं शनिवारी न्हाव्याच्या दुकानात बसून विचारतात, कोच, एवढे पौंड बाहेर का बसवलेस? दोनशे पाच पौंडांचा पोरगा मधे उभा केला तर काचेवरचा आकडा पुसावा लागेल. मला वाटलं, म्हणाला, कॉर्डरीपर्यंत शिकेल तो बोलायला.

“शिकेल,” अर्लीन म्हणाली, त्याचाच शब्द चावून परत केल्यासारखा.

भिंतीवर चित्र अडकून राहिलं होतं, टायसची मान अर्धी वळलेली. इतके दिवस ती कोणावर रागावली होती ते तिला आठवलं, मुक्या पोरावर, कोंबडीवर, फोनवर, न्हाव्यावर. सगळं फुकट गेलं होतं. एवढी आग तिने भलत्याच जागी शेकत ठेवली होती आणि जिथे पाहिजे होती तिथे, सात घरं सोडून, हा शांतपणे गाडी काढत होता. वेंडेल आता म्हणत होता की या आठवड्यात डूलीला मधे घेतो, सगळं सुरळीत होईल, मार्केलच्या खांद्याला जाड गादी बांधू, मोठा सामना आहे, वर्षाचं सगळं त्याच्यावर आहे.

ती उठली. टोपी सरळ केली. तो बसलेला होता म्हणून तिला खाली बघून बोलावं लागलं, आणि ते तिला बरंच वाटलं.

“वेंडेल, मी त्या पोरांना शिव्या द्यायला आले होते, त्या मी परत घेते. टायस चांगला गडी आहे. त्याला सांगणारं माणूस दिलं असतंस तर हा संघ गेल्या वर्षीपेक्षा नक्की चांगला झाला असता, त्यात तू चुकला नव्हतास. तुला काही समजत नसतं तर मी घरी जाऊन रडले असते आणि तुला माफही केलं असतं. पण तुला समजत होतं. या अंधाऱ्या खोलीत बसून तू त्या पोराची वळलेली मान बघितलीस, आणि तरीही शुक्रवारी रेनिटाचं पोर त्याच्यामागे उभं केलंस, कारण चार माणसांना नाही म्हणायची तुला लाज वाटली. वर हे सगळं मार्केलसाठी केलं म्हणून मला ऐकवलंस. डूलीला घे, नको घेऊस, जिंक, हर, ते तुझं आणि गावाचं. मार्केल खेळणार नाही. या शुक्रवारी नाही आणि या वर्षात नाही. उद्या सकाळी मी शाळेच्या ऑफिसात जाऊन त्याला खेळू द्यायच्या कागदावरची माझी सही परत घेणार आहे. तो माझ्याशी बोलणार नाही, दारं आपटेल, ते मी सोसेन, मला सवय आहे. कोच म्हणून तू कसा आहेस ते मला ठरवायचं नाही. मामा म्हणून तू त्या पोराला उघड्यावर टाकलंस, समजून उमजून टाकलंस, आणि हे मी तुला विसरू देणार नाही.”